दस्तूभाईंची संथ कॅसेट

लग्नसराई आली की माझं डोकं फिरतं. पाडवा झाला, उन्हं तापली, गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू येऊन पडले की मी आपली मनात म्हणायला लागते, मृग निघू दे बाई एकदाचा. परवा समोरच्या कार्यालयातली वरात आमच्या दारात तासभर थांबली. त्या डीजेच्या दणक्यानं फळीवरचे स्टीलचे डबे चालायला लागले. सून म्हणाली, "आई, कानात कापूस घाला." अगं, कापसानं भागणार असतं तर चाळीस वर्षांपूर्वीच घातला असता! तिला हे कुठं माहीत? तिला मी एवढंच म्हटलं, खिडकी लाव आणि चहा टाक.

लग्नसराई हा बाकीच्यांसाठी जेवणावळीचा हंगाम असेल. माझ्यासाठी तो एकाच वर्षाचा उन्हाळा आहे, आणि तो दर वर्षी नव्यानं येतो. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कोल्हापुरात गंगावेशीजवळ आमचं कॅसेटचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. रेडिओ कमी झाले तसे त्यांनी दोन चांगले टेपडेक घेतले आणि बाहेर पाटी लावली, 'आवडीची गाणी भरून मिळतील.' लोक चिठ्ठीवर गाण्यांची यादी घेऊन यायचे, आम्ही कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचो. काउंटरवर मी बसायचे. बी. ए.ला दोनदा गचके खाऊन झाले होते, स्थळं येत होती आणि पोहे खाऊन जात होती. दिवसभर सोल्डरच्या राळेचा वास, डोक्यावर गरागरा फिरणारा पण वारा न देणारा पंखा, आणि बाहेरून जाणाऱ्या एकेका वरातीबरोबर आत येणारा मोगऱ्याचा, घामाचा आणि घोड्याच्या लिदीचा वास. त्यातला मोगरा जरी आता कुणी माळला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

दस्तूभाई आमच्या पेठेतले बेंजोवाले. दस्तगीर त्यांचं नाव, पण पेठेला तेवढा वेळ कुठला. बेंजो म्हणजे एक लांबट पेटी, आत तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. वायर काढून भोंग्याला जोडला की अर्ध्या कोल्हापूरला ऐकू जातो. कोल्हापुरात बेंजोवाले पुष्कळ. पण दस्तूभाई वाजवायचे म्हणजे भांडायचे. बँडच्या लाल कोटाच्या बाह्या त्यांनी कात्रीनं खांद्यापासून कापून टाकल्या होत्या. वाजवता वाजवता माइकमध्ये ओरडायचे, तार तुटली तर उरलेल्या तारांवर तसेच पुढं रेटायचे. वरातीतली पोरं अंगातले शर्ट फाडून नाचायची, आणि मग पेठेत कापलेल्या बाह्यांची फॅशनच निघाली. म्हातारी माणसं म्हणायची, "ह्येला संगीत म्हणायचं? ह्यो तर नुसता इस्कोट!" दस्तूभाई हसायचे. मला एकदा म्हणाले होते, "शैला, अंगातनं नुसता घाम काढून काय उपेग? राग निघाला पायजे."

राग कशाचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आयुष्यभर नवरदेवाच्या घोड्यापुढं उलटे चालले, आणि आयुष्यभर मांडवाच्या मागं, आचाऱ्याच्या चुलीपाशी, सगळ्यांत शेवटी जेवले. दस्तूभाईंनीही लहानपणापासून तेच केलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी आमच्या काउंटरवर कोपर टेकून मला सांगितली होती. "माणसं बसून ऐकतील असं एकदा वाजवायचं हाय. एकदाच. बापानं कधी बसून वाजवलं न्हाय की कुणी त्येचं बसून ऐकलं न्हाय."

त्या वर्षी होळीच्या महिनाभर आधी त्यांचा चुलतभाऊ बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आला. येताना त्यानं एक कॅसेट आणली. कव्हर फाटलेलं, कुणाचं गाणं ते कळायला मार्ग नाही. त्याला एवढंच माहीत होतं की ह्याला रेगे म्हणतात आणि तिकडच्या बेटांवरची गोरगरीब माणसं ते वाजवतात. दस्तूभाई भर दुपारी ती घेऊन दुकानात आले. आमच्या डेकवर लावली. मला आधी काही कळेना. ढोल भलतीकडंच पडत होता, गाणं आळसावल्यासारखं चाललं होतं. दस्तूभाई मात्र डोळे मिटून उभे. संपलं की म्हणायचे, "परत लाव." असं सात-आठ वेळा झालं. मग बोटांनी काउंटरवर मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, चार. "बघितलंस? आपुन सगळी एकावर पाय आपटतोय. जन्मभर एकावरच आपटत आलोय. ही माणसं एकावर गप बसत्यात. तीनावर ढोल, आन् मधल्या फटीत तार. एकावर कायच न्हाय. मोकळं." मग कॅसेट काढून खिशात टाकली. जाताना म्हणाले, "त्या मोकळ्यात माणूस बसू शकतोय की."

त्यांनी स्वतःची कॅसेट केली. बँडमधलं कुणी बरोबर नाही, एकट्यानं. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही भिंतींना पोती टांगली, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. आधी ढोल भरला. मग तो एका डेकवर वाजवत दुसऱ्यावर बेंजो आणि गळा भरला. तीन दुपारी गेल्या. मार्चचा उकाडा, घामानं बेंजोची बटणं निसटायची, दस्तूभाई टॉवेलनं पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच गाणी. शब्द त्यांचेच, साधे. त्यातल्या एका गाण्यात एकच ओळ फिरून फिरून यायची,

सगळ्यांच्या दारात वाजवलं,
माझ्या दारात कोण वाजवंल?

त्या 'माझ्या'च्या आधीची मात्रा रिकामी होती. तिथं ते श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. मी डेकचं बटण दाबून धरलं होतं आणि डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या. इतका हळू, इतका खालचा आवाज ह्याच माणसाचा आहे हे मला खरं वाटत नव्हतं. अण्णांनी दारातनं ऐकलं आणि "हं" म्हणाले. अण्णांचं 'हं' म्हणजे पसंती नव्हे, आणि नापसंतीही नव्हे. ते दुकानदार होते.

पेठेतल्या तालमीच्या थोरांनी दस्तूभाईंना सांगितलं होतं, क्यासेट लोकांनी घेतली तर वैशाखात तालमीत बैठक ठेवू. जाजम अंथरून, माणसं बसवून. एवढ्या एका शब्दावर तो माणूस पंधरा दिवस हवेत चालत होता. मी पिवळ्या कागदावर माझ्या अक्षरात कव्हरं लिहिली, तीस कॅसेटी भरल्या. पाडव्याला दुकानाबाहेरच्या भोंग्यावर पहिलं गाणं लावलं. दस्तूभाई तेव्हा एका वरातीला गेले होते.

मी ते कधी विसरणार नाही. समोरच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी हीऽ गर्दी. म्हशी पिळून तिथल्या तिथं धारोष्ण दूध पिणारी मंडळी, पैलवान, मास्तर, हमाल, सगळे. दस्तूभाईंचं गाणं म्हटल्यावर पोरं शर्टाच्या बाह्या सरसावून पुढं आली. आणि गाणं सुरू झालं. पोरांनी पाय उचलले, पण ठेवायचे कुठं तेच कळेना. एकमेकांकडं बघायला लागली. मग एक पैलवान पेला खाली ठेवून ओरडला, "आरं तिच्या! ह्यो बेंजो हाय का जांभई?" अख्खा कट्टा हसला. म्हशीसुद्धा दचकल्या असतील.

आमच्या गल्लीत एक गायन-मास्तर होते. ते काउंटरवर येऊन मला समजावून गेले, "शैलाताई, समेवर, पहिल्या मात्रेवर, कुणीच नाही हो. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि यजमानानंच बाहेर जायचं, ही कुठली रीत?" एक बाई म्हणाल्या, घरात सुतक असल्यासारखं वाटतं, सासूबाईंनी बंद करायला लावलं. दस्तूभाईंच्याच बँडमधला ढोलवाला म्हणाला, "भाईला कायतरी झालंय. देवळाबिवळाला, दर्ग्याला न्हिऊन आणा." हे सगळं परवडलं असतं. नावं ठेवणं हा आमच्या गावाचा धर्मच आहे, आणि तोंडावर ठेवतात म्हणून ते सोसतंही.

पण खरा घात वेगळाच झाला. लोक कॅसेटी परत आणायला लागले. चिडून नव्हे. दुरुस्तीला! "अण्णा, ही टेप वडतीया." "अण्णा, माझ्या मशिनीचा पट्टा ढिला पडलाय काय बघा की, दस्तूभाई लई हळू गातोय." "सेल उतरलं म्हणून नवं घातलं, तरी त्येच." दस्तूभाईंनी मुद्दाम हळू वाजवलं असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. वाईट वाजवलं म्हटलं असतं तर निदान त्यांनी वाजवलं एवढं तरी मान्य झालं असतं. अण्णा बिचारे पट्टे बदलत होते, स्पिरिटनं हेड पुसत होते, आणि मशिनी चांगल्याच होत्या. वीसेक कॅसेटी परत आल्या. रिकाम्या जाऊ नयेत म्हणून अण्णांनी त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरायला सांगितलं. मी भरली.

दस्तूभाई रोज संध्याकाळी यायचे. दारातच उभे राहून विचारायचे, "लोक काय म्हणत्यात, शैला?" मी रोज सांगायचे, "चांगलं म्हणतायत." त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की खरं सांगण्याची माझी छातीच होत नसे. "तालमीतलं कोण आलतं?" "येतील की. वैशाखाला अजून वेळ आहे." खोटारडी! पुढं जे झालं त्याला सुरुवात ह्या दोन वाक्यांनी झाली, हे मी आज म्हणते. तेव्हा मला वाटत होतं की मी त्यांना जपतेय.

एका दुपारी अण्णा म्हणाले, "शैले, ही क्यासेट जरा पळवली तर?" टेपच्या मोटरीला मागं एक बारीक भोक असतं. त्यात लहानसा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की वेग कमी-जास्त होतो. त्यांनी सांगितलं आणि जेवायला घरी गेले. दुकानात मी एकटी. अण्णांनी जबरदस्ती केली नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर ते काही बोलले नसते. पण माझ्या डोळ्यांसमोर ते जाजम होतं. लोकांनी कॅसेट घेतली तरच बैठक होणार होती, आणि बैठक झाली की दस्तूभाई आपलं खरं वाजवणारच होते. मग लोकांना कळेलच. असा हिशोब माझ्या बावीस वर्षांच्या डोक्यानं केला. मी स्क्रू फिरवला. मूळ कॅसेट पळत्या डेकवर लावली, दुसऱ्यावर कोरी. आवाज चढला, चिरका झाला, आणि ती रिकामी मात्रा इतकी आखडली की तिथं काही रिकामं होतं हे कुणाच्या लक्षात येऊ नये.

बाहेरच्या भोंग्यावर लावली. अर्ध्या तासात कट्ट्यावरची पोरं नाचत होती.

"आता कसं! मशीन सुधरली व्हय अण्णा?" अण्णा म्हणाले, "सुधारली. आधीच्या कॅसेटी खराब निघाल्या होत्या, ज्यांच्याकडं असतील त्यांनी बदलून घ्या." आठवडाभरात मी किती भरल्या मला आठवत नाही. कागलपासून लोक मागायला आले. प्रत्येक वरातीत तेच. दस्तूभाई त्या आठवड्यात गगनबावड्याकडं एका लग्नाला गेले होते, तिथून दुसऱ्या गावी, तिसऱ्या गावी. त्यांच्या कानावर आलं ते एवढंच, की क्यासेट चालली. तालमीनं निरोप धाडला, वैशाखातली बैठक ठरली, आणि ते परतले ते बैठकीच्या दिवशीच.

त्या बैठकीला त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा. सूर्य कललेला होता, तालमीत लाल मातीचा आणि तेलाचा वास, कुस्तीच्या हौद्याच्या कडेनं जाजमं, त्यांवर मांडी घालून बसलेली पेठ. आम्ही बायका एका बाजूला. दस्तूभाई जरा उंचावर बसले, बेंजो मांडीवर घेतला, सगळीकडं एकदा नजर फिरवली. इतकी माणसं आपल्यासमोर बसलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार. मला धास्ती होती, पण वेडी आशाही होती. म्हटलं, आता कळेल सगळ्यांना.

त्यांनी सुरुवात केली. एक मोकळं. दोन. तीन. जेमतेम एक कडवं लोक गप्प बसले. तेवढंच. मग मागून कुणीतरी म्हणालं, "भाई, क्यासेटसारखं वाजवा की!" दस्तूभाई हसून म्हणाले, "क्यासेटसारखंच वाजवतोय, पावणं." "न्हाय न्हाय, ह्ये न्हाय. क्यासेटमधलं!" दुसरा, तिसरा, सगळेच म्हणायला लागले. ते कुणी चिडले नव्हते. प्रेमानंच म्हणत होते. दस्तूभाईंना काही समजेना. शेवटी एकानं आपला टेपरेकॉर्डर पुढं आणला, "ह्ये बघा, ह्ये," म्हणत त्यांच्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

त्यांचाच आवाज. चिमटा काढल्यासारखा. 'माझ्या दारात कोण वाजवंल' एवढी ओळ पळत आली आणि पळत गेली. लोकांनी टाळ्या धरल्या. दस्तूभाईंनी ते पूर्ण गाणं ऐकलं. मग मान वर करून बायकांच्या बाजूला बघितलं. मला शोधायला त्यांना वेळ लागला नाही. त्या नजरेत राग असता तर मी आज तो सांगितला असता, सांगून मोकळी झाले असते. राग नव्हता. काहीच नव्हतं. मग त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, आणि बेंजोवर तेच गाणं टेपच्या वेगानं वाजवायला घेतलं. एकावर दणका. लोक उठले. जाजमं गोळा झाली, पोरं हौद्यात उतरली, लाल माती उडाली. बसलेलं कुणीच उरलं नाही. मी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. मी म्हटलं, "भाई, मी—" "ऱ्हाऊ दे." मूळ कॅसेट मागितली. मी दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. "ही कोरी कर. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला नमुना पायजे. मंगलाष्टकं, वरातीचं, पाठवणीचं, सगळं थोडं थोडं भर." मी म्हणायला हवं होतं, नाही भरणार. म्हणायला हवं होतं, मेले तरी नाही भरणार. ते समोर स्टुलावर बसून राहिले आणि मी त्यांच्या देखत बटण दाबलं. पंचेचाळीस मिनिटं, एक अख्खी बाजू, टेप फिरत होती. पंखा फिरत होता.

पळवलेली कॅसेट मी स्क्रू उलटा फिरवून संथ करून बघितली, तर आवाज घरघरता, घोगरा आला, त्यांचा नव्हेच. मग मला सुचलं की कुणाकडं तरी जुनी कॅसेट असेलच. दवाखान्यात नर्स असलेल्या वैशाली कांबळे हातकणंगल्याहून रोज गाडीनं यायच्या. पाडव्यालाच त्यांनी एक घेतली होती आणि कधी तक्रार केली नव्हती. मी दवाखान्यात जाऊन त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, "अगं, ती मी बदलून नेली की. तुझे अण्णाच म्हणाले, खराब आहे." माझा चेहरा बघून पुढं म्हणाल्या, "खरं सांगू? मला तीच आवडली होती. ड्यूटीवरनं आल्यावर भिंतीला टेकून ऐकायची. आमचे दादा गेल्यापासनं इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. पण खराब आहे म्हणाले, म्हटलं असेल. आपल्याला गाण्यातलं काय कळतंय?" मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रडले. त्या बाईला एकटीला कळलं होतं, आणि तिलाही आम्ही सांगितलं होतं की तुझं चुकलं. तिची कॅसेट कुठल्या सिनेमाच्या गाण्यांखाली गेली, ते मला माहीत नाही. मीच भरली असणार.

दस्तूभाई पुढं वीसेक वर्षं वाजवत राहिले. ते गाणं त्यांच्या नावाला चिकटलं. प्रत्येक वरातीत फर्माईश व्हायची आणि ते घोड्यापुढं उलटं चालत वाजवायचे, डोळे मिटून, एकावर पाय आपटत. माझं लग्न झालं तेव्हा माझ्याही वरातीत तेच वाजवत होते. मी अण्णांना हात जोडून सांगितलं होतं, दुसरा बँड बोलवा. अण्णा म्हणाले, वेडी का काय, अख्खी पेठ काय म्हणेल? दस्तूभाई गेले तेव्हा मी मयतीला जाऊन आले. त्यांच्या बायकोनं माझा हात धरला. म्हणाली, "तुमच्या दुकानातल्या क्यासेटनं नाव केलं बघा आमच्या माणसाचं."

आता अण्णाही नाहीत, दुकानही नाही. माफी मागायला कुणी उरलेलं नाही, आणि मागून काय होणार आहे? पण ह्या दिवसांत दुपारी घरात कुणी नसलं की मी ओट्यापाशी उभी राहते आणि बोटांनी मोजून बघते. एक सोडायचा. दोन. तीनावर ढोल. बोट आपसूक एकावर पडतं. पुन्हा पहिल्यापासून मोजते, पुन्हा पडतं. शब्द सगळे पाठ आहेत, चालही आहे. म्हणायला गेले की पळायला लागतं. मागच्या खोलीत तीन दुपारी त्या माणसापासून दोन हातांवर बसून मी ते ऐकलं होतं, जगात इतक्या जवळून ऐकलेली मी एकटी. डोळे मिटले की तो घाम पुसताना दिसतो, ओठ हलताना दिसतात. आवाज मात्र त्या कॅसेटमधला येतो, मी पळवलेला, चिरका. दस्तूभाईंचा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही.